मोहोंकला दोन रात्री: पोराकडं अमेरिकेला जाणाऱ्या आईबापांसाठी

बेळगावच्या शहापुरात आमची पिठाची गिरणी आहे. तीस वर्षं मी गल्ल्यावर बसले, त्यामुळं कुठलीही रक्कम ऐकली की त्याचं किती किलो दळण होतंय हे मनात आपोआप मांडलं जातं. मागल्या खेपेला न्यू जर्सीत मुलाकडं होतो तेव्हा तो म्हणाला, "आई, डोंगरात तळ्याकाठी एक जुनं हॉटेल आहे, दोन रात्री जाऊन येऊया." मी म्हटलं, "किती?" त्यानं काही सांगितलं नाही. रात्री भांडी आवरताना सूनबाईनं सांगितलं. मी दळणाचा हिशेब केला, आणि तो ह्यांच्या कानावर घातला नाही. घातला असता तर हे गाडीत बसलेच नसते.

परत आल्यापासून गल्लीतल्या बायका विचारतात. आता बेळगावात दोन घरं सोडून तिसऱ्या घरातलं पोर तिकडं असतंय, आणि आईबाप गेले की त्यांना कुठं तरी मोठ्या ठिकाणी न्यायची पोरांना हौस असते. एकेकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

हॉटेलचं नाव मोहोंक माउंटन हाउस. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला नव्वदेक मैलांवर शावांगंक नावाची डोंगररांग आहे, तिच्या माथ्यावर अर्धा मैल लांबीचं तळं, आणि तळ्याला अगदी चिकटून ही सात मजली इमारत. १८६९ साली स्माइली आडनावाच्या जुळ्या भावांनी ही जागा हेरली. आल्बर्ट आणि आल्फ्रेड, दोघंही शिक्षक, क्वेकर नावाच्या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचे. तेव्हा तिथं दहा खोल्यांचा एक गुत्तावजा मुक्काम होता. भावांनी दारू बंद केली, पत्ते बंद, नाचही बंद, आणि तरीही लोक रांगेनं येऊ लागले. (आता बार आहे. ह्यांना आधी सांगून ठेवलं होतं, तिकडं बघायचं पण नाही.) खोल्या २५९, आणि मालकी अजून त्याच घराण्याकडं. इमारत एका दमात झालेली नाही. १८७९ पासून १९१० पर्यंत जोडत जोडत वाढवली, त्यामुळं कुठं लाकूड, कुठं दगड, मधेच मनोरा. आमच्याकडच्या जुन्या वाड्यांत प्रत्येक भाऊ आपल्या लग्नाच्या वेळी एकेक सोपा वाढवतो, तसं दिसतं.

आता कामाचं. बुकिंग पोरंच करतात, पण त्यांना चार गोष्टी तुम्ही सांगायच्या. पहिली तारीख. तिकडं ऑक्टोबरच्या मध्याला झाडांची पानं लाल-पिवळी होतात, आणि ती बघायला अख्खं न्यूयॉर्क वर चढतं. त्या दिवसांत, त्यातून शनिवार-रविवारी, दोघांचा एका रात्रीचा दर हजार डॉलरच्या पुढं सहज जातो. आम्ही ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलो, मंगळवार आणि बुधवारची रात्र. पानं निम्मी गळली होती, उरलेली तांब्याच्या रंगाची. गर्दी कमी, दर कमी. पोरांना दोन दिवस रजा टाकायला लावा, टाकतात.

दुसरी गोष्ट म्हणजे दरात काय काय धरलंय ते खोदून विचारायचं. इथं सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, चारचा चहा, रात्रीचं जेवण, शिवाय नाव वल्हवणं, फिरणं असं बरंच काही त्याच पैशांत येतं. पण येण्याच्या दिवशी कुठल्या जेवणापासून आणि जाण्याच्या दिवशी कुठल्या जेवणापर्यंत, हे विचारून घ्या. आमचं पहिल्या रात्रीच्या जेवणापासून शेवटच्या दुपारपर्यंत होतं. वरती कर किती, सेवाशुल्क किती, टिप त्यात धरली आहे की वेगळी द्यायची, हेही आधीच. टिपेचा विषय टेबलावर निघाला की आमच्या पिढीला घाम फुटतो आणि पोरांना लाज वाटते.

खोली मागताना तळ्याच्या बाजूची की डोंगराच्या बाजूची असं विचारतात. डोंगराच्या बाजूनं लांब कॅट्सकिल पर्वत दिसतो, तळ्याच्या बाजूनं पाणी आणि समोरचा कडा. मी म्हणेन तळंच घ्या. आणि गुडघे माझ्यासारखे असतील तर लिफ्टजवळची मागा. कॉरिडॉर इतके लांब आहेत की रात्री जेवून खोलीपर्यंत येईतो शतपावली होऊन जाते.

जेवणाचं बुकिंग करतानाच सांगायचं, आणि सविस्तर सांगायचं. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही, कारण तिकडं सूप बघायला भाजीचं असलं तरी त्यातलं पाणी कोंबडीच्या हाडांचं असू शकतं. आम्ही मटण खाणारी माणसं, पण गाय आणि डुक्कर नाही, आणि गुरुवारी काहीच नाही. सूनबाईनं हे सगळं लिहून कळवलं होतं. तरी दर वेळी वाढणाऱ्याला विचारायचं. मी तीन शब्द पाठ केले होते, "नो बीफ, नो पोर्क," आणि ताटाकडं बोट करून "ब्रॉथ?" तेवढ्यावर सगळं झालं. पर्समध्ये एका छोट्या डबीत शेंगाचटणी ठेवा. उकडलेल्या बटाट्यावर चिमूटभर टाकली की जीव थाऱ्यावर येतो, कुणी काही म्हणत नाही. चहा तिकडच्या रीतीचा, पिशवीतला. मी मसाल्याची पुडी नेली होती आणि दोन दिवस राजासारखी प्यायले.

कपड्यांचं म्हणाल तर दिवसा काही पण चालतं. साडीखाली पायमोजे आणि पोराचे जुने स्पोर्ट शूज घालून मी सगळीकडं फिरले, कुणी ढुंकून बघितलं नाही. रात्रीच्या जेवणाला मात्र लोक नटून येतात, म्हणून एक बरा जोड ठेवा. ह्यांचा मुलाच्या लग्नातला कोट होता. मी आमची शहापुरी साडी नेसले. शेजारच्या टेबलावरच्या एक आजीबाई उठून आल्या आणि पदराचा काठ दोन बोटांत धरून बघत राहिल्या. मी सूनबाईला म्हटलं, सांग त्यांना, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर विणलीय. तिनं काय सांगितलं कोण जाणे, त्या बाईनं माझा हात हातात घेतला.

जायचं कसं? न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाडीनं साधारण दोन तास, थ्रूवे नावाच्या हमरस्त्यावर अठरा नंबरच्या एक्झिटला बाहेर पडायचं, ते न्यू पॉल्ट्झ गाव. गाडी नसेल तर न्यूयॉर्कच्या पोर्ट अथॉरिटी स्टँडवरून ट्रेलवेजची बस त्याच गावी जाते, पुढं सहा मैल टॅक्सी. गावात ह्युगनॉट स्ट्रीट म्हणून जुन्या दगडी घरांची गल्ली आहे, फ्रान्सहून धर्मासाठी परागंदा झालेल्या लोकांनी १६७८ मध्ये वसवलेली. आम्ही गाडीतूनच बघितली. हॉटेलच्या गेटवर नाव विचारतात, नाव नोंदलेलं नसेल तर वर सोडत नाहीत.

आता आमची चूक सांगते, कारण ती तुम्ही पण करणार. खोली चारला मिळते, पण आम्ही दोनलाच पोचलो, आवारात फिरायला हरकत नव्हती. पैसे भरलेत म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच, वसूल करायचं. पोचल्या पोचल्या बाग बघितली, काचघर बघितलं, नावेत बसलो, तळ्याला एक फेरी मारली. चारला चहा आणि बिस्किटं, त्यातली चार नातीच्या नावानं रुमालात बांधली. मग गच्च जेवण. रात्री गुडघे असे सुजले की सूनबाई गरम पाण्याची पिशवी शोधत फिरली, आणि पोरगा म्हणाला, "आई, तू इथं कामाला आल्यासारखी का करतेस?" मला राग आला. पण बरोबर होतं त्याचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तर हे खोलीत नाहीत. शोधत खाली गेले. तळ्याच्या बाजूला लांब लाकडी व्हरांडा आहे, त्यावर ओळीनं झुलत्या खुर्च्या मांडलेल्या. पंधरा-वीस रिकाम्या, एकीत हे. मफलर कानाला गुंडाळलेली, हात मांडीवर. तळ्यावर धुकं इतकं खाली होतं की पाणी दिसतच नव्हतं, नुसता आवाज, बांधून ठेवलेल्या नावा एकमेकींना हळू टकटक लागत होत्या. मी शेजारी बसले. बऱ्याच वेळानं हे म्हणाले, "लाइट गेल्यासारखं वाटतंय."

गिरणीवाल्यालाच कळेल असं बोलणं. चाळीस वर्षं कानाशी पट्टा फिरतोय. दिवसातून कधी तरी लाइट जातो, पट्टा फट् फट् करत मंदावतो, थांबतो, आणि तेवढा वेळ कानांना काय वाटतं ते सांगता येत नाही. पण त्या शांततेत पण जीव टांगलेला असतो, कारण दळणं पडलेली असतात आणि बायका ओट्यावर बसून असतात. इथं कुणाचं दळण पडलेलं नव्हतं. धुकं हळूहळू वर गेलं. आधी नावा दिसल्या, मग पाणी, मग समोरच्या कड्याचा पाय. नाश्त्याची वेळ संपायला आली तेव्हा पोरगा बोलवायला आला.

म्हणून माझं सांगणं, एका रात्रीसाठी जाऊ नका. एका रात्रीत माणूस वसुलीतच राहतो. आणि दोन रात्री असतील तर मधल्या दिवसाची सकाळ मोकळी ठेवा. व्हरांड्यातल्या खुर्च्या आठपर्यंत रिकाम्या असतात, त्यानंतर मिळत नाहीत.

दुपारी स्काय टॉपला जायचं. तळ्याच्या मागं उंचावर दगडी बुरूज आहे, आल्बर्टच्या स्मरणार्थ १९२३ मध्ये पुरा झालेला. तिथं जायला दोन वाटा. एक पडलेल्या शिळांच्या बोगद्यांतून, लाकडी शिड्यांवरून जाते आणि शेवटी 'लेमन स्क्वीझ' नावाच्या फटीतून वर निघते. लिंबू पिळल्यासारखा माणूस पिळून निघतो म्हणून ते नाव. पोरगा आणि सूनबाई तिकडून गेले. साठीच्या पुढच्यांनी, साडीवाल्यांनी आणि पोटवाल्यांनी त्या नादाला लागू नये. ही वाट बर्फात बंदच असते. दुसरी साधी चढाची वाट आहे, मधे मधे लाकडी छपऱ्या आणि बाक. मी, हे आणि नात तिनं गेलो, बसत बसत, आणि तरी त्यांच्या आधी पोचलो. बुरुजाला शंभरेक पायऱ्या आहेत. वरून आभाळ स्वच्छ असेल तर सहा राज्यं दिसतात असं सांगतात. आम्हाला ढग दिसले.

पण त्या वाटेवर मला जे सापडलं ते बघायला आम्ही गेलोच नव्हतो. एका बाकाशेजारच्या खडकावर हात टेकला आणि तळव्याला ओळखीचं काही तरी लागलं. वाकून बघितलं तर पांढऱ्या गारगोटीचे खडे, हरभऱ्यापासून सुपारीएवढे, राखाडी दगडात घट्ट रुतलेले, जसे कुणी कुंद्यात काजू थापलेत. हात फिरवला तर नुकतीच टाकी लावलेल्या जात्यासारखा खरखरीत. मी ह्यांना म्हटलं, हात लावून बघा की. ह्यांनी नखानं एक खडा उकरायचा प्रयत्न केला. ढिम्म. म्हणाले, "ह्याचं जातं करायला पाहिजे." संध्याकाळी पोरानं फोनवर शोधलं तर खरंच, ह्या डोंगरातल्या दगडाची जाती शेकडो वर्षं घडवली जायची, विकली जायची, गिरण्यांना जायची. अमेरिकेत येऊन ह्यांना इतकं खूश मी त्याच वेळी बघितलं. तुम्ही गेलात तर दगडाला हात लावा, फुकट आहे.

बुरूज त्याच दगडाचा. दगड काढून जो खड्डा पडला त्यात पाणी भरून ठेवलंय, आग लागली तर म्हणून. ही आगीची भीती उगीच नाही. आल्फ्रेडनं जवळच मिनेवास्का तळ्यावर स्वतःची दोन हॉटेलं काढली होती, ती दोन्ही पुढं जळून गेली. त्यामुळं खोलीत उदबत्ती, निरांजन, कापूर, काही काही नाही. मी गुरुवार सकाळसाठी उदबत्ती घेऊन गेले होते. सूनबाईनं वेळेवर हात धरला, नाहीतर धुराची घंटा वाजून अख्खं हॉटेल अंगणात उभं राहिलं असतं. फुलं ठेवून हात जोडले.

गंमत म्हणजे खोलीत शेकोटी चालते. बऱ्याच खोल्यांना भिंतीत जुन्या पद्धतीची शेकोटी आहे, लाकडं हॉटेलचीच. बुधवारी रात्री पोरानं पेटवायला घेतली. मोठे दोन ओंडके शेजारी शेजारी ठेवले, मधे कागद, काडी लावली, कागद जळून गेला. परत कागद. तिसऱ्यांदा मी म्हटलं, सरक बाजूला. आधी धुराड्याची झडप उघडी आहे ना ते बघितलं, ते बघायचं विसरलं तर धूर खोलीत. मग खाली बारीक ढलप्या, त्यावर दोन लाकडं आडवी, त्यावर दोन उभी, मधे वारा जायला बोटभर फट. चूल पेटवायची तशीच, फुंकणीशिवाय. एका काडीत लागली. नात टाळ्या वाजवायला लागली. पोराकडं दोन डिग्र्या आहेत.

हॉटेलात भिंतींवर जुने फोटो खूप आहेत, ते बघत फिरायला एक तास ठेवा, पावसाच्या वेळी बरं पडतं. एका ठिकाणी 'इंडियन' लोकांच्या मित्रांच्या परिषदेचा उल्लेख दिसला, १८८३ पासूनचा. हे लगबगीनं पुढं झाले, आपले कोण आले होते बघायला. ते इंडियन म्हणजे तिथले मूळचे लोक. दर वर्षी मोठमोठी गोरी माणसं ह्या तळ्याकाठी बसून त्यांच्या भल्यासाठी काय करावं ते ठरवायची. त्यांनी पाठिंबा दिलेला कायदा १८८७ मध्ये झाला, सामाईक जमिनी घराघरांत वाटून टाकायचा. त्या वेळी त्या लोकांकडं १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ पर्यंत ४ कोटी ८० लाख उरली. आपली जमीन आणि आपली बोली कुठल्या खात्यात टाकायची हे तिसऱ्यानं बसून ठरवलं की कसं वाटतं, हे आम्हा सीमाभागातल्यांना कुणी शिकवायला नको. नंतर १८९५ पासून इथं दुसरी एक परिषद भरायची, देशादेशांतली भांडणं युद्धाऐवजी लवादानं मिटवावीत म्हणून. हे म्हणाले, "आपला विषय पण घेतला असता तर." आपला विषय २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

तळ्याकाठी हवामानाची नोंद रोज घेतात, १ जानेवारी १८९६ पासून, खंड न पडू देता. हे ह्यांना फार आवडलं. गिरणीच्या वहीत हे पण रोजचा पाऊस लिहितात, फक्त १९८४ पासून.

औषधं दोन दिवसांची जास्तीची न्या, वर दुकान लांब पडतं. प्रवासाचा विमा असू द्या. गवतात, पालापाचोळ्यात चालून आलात की खोलीत पाय, गुडघ्यामागचा भाग, कंबर नीट तपासा. तिकडं गोचिडीतून लाइम नावाचा आजार होतो. आपल्या घाटात माकडताप गोचिडीतूनच येतो, त्यामुळं आपल्याला हे नवीन नाही, पण नातवंडं पाचोळ्यात लोळतात, त्यांचं डोकं विंचरून बघा.

आणि ज्यांना एवढे पैसे घालायचे नाहीत, त्यांनी मन खट्टू करू नये. दिवसाचा पास आधी काढून फिरून येता येतं, किंवा दुपारच्या जेवणाचं टेबल सांगून. शेजारचं मिनेवास्का आता सरकारी उद्यान आहे, गाडीमागं थोडे डॉलर घेतात, तळं तितकंच देखणं, दगडही तोच. खुर्च्या तेवढ्या घरनं न्या.

शेवटच्या दिवशी दुपारचं जेवण सोडू नका, त्याचे पैसे भरलेले असतात. आम्ही जेवलो, सामान गाडीत टाकलं, निघालो. खाली गेटपाशी आल्यावर ह्यांनी मानेला हात लावला, मफलर नव्हती. व्हरांड्यातच राहिली असणार. पोरानं गाडी वळवली, परत वर. मफलर खुर्चीच्या पाठीवरच होती. ती घेऊन यायला हे गेले, दहा मिनिटं झाली तरी येईनात. बघायला गेले तर मफलर गळ्यात आणि हे खुर्चीत. निघायची वेळ ठरवताना हा अर्धा तास धरून ठेवा.